रुईतली हवा

जुन्या कागदपत्रांत आमच्या गावाचा उल्लेख ‘आर्वी तेलंगराव’ असाही येतो. गाव वसवणारे तेलंगराव ब्राह्मण होते असं हिंदू सांगतात, मुसलमान होते असं मुसलमान सांगतात, आणि त्यांच्या समाधीपुढे दोघंही हात जोडत आले. ही झाली गावाची पहिली वसवणूक. दुसरी वसवणूक कापसाने केली. बाजाराचं मैदान, जिनांची आवारं, भोंगा, पुलगावला जाणारी छोटी रेल्वे हे सगळं त्या दुसऱ्या आर्वीचं. आणि ती आर्वी मुळात दोन कामांवर उभी राहिली: कापसातून सरकी सोडवणं, आणि सुटलेल्या रुईतून हवा काढणं.

माझे वडील जिनात फिटर होते. मी इथेच शाळेत विज्ञान शिकवलं. पुस्तकातला पास्कल आणि जिनातला दाबखाना ही एकच गोष्ट आहे, हे मला बरंच उशिरा उमगलं. पण एकदा उमगल्यावर गावाचा सगळा इतिहास मला त्याच वाटेने दिसू लागला.

कापूस म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेले केस. एक केस म्हणजे एकच पेशी. सालीवरची ती पेशी लांब वाढत जाते. पऱ्हाटीला फूल लागलं की पहिले अडीच-तीन आठवडे हा केस नुसता लांबतो. मग त्याच्या आतून भिंत जाड होत जाते, थरावर थर चढतो. बंद बोंडात तो ओला आणि गोल असतो, नळीसारखा. बोंड फुटलं, ऊन-वारा लागला की आतलं पाणी जातं, नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ सगळ्यात महत्त्वाचा. पिळामुळे एक तंतू दुसऱ्यात अडकतो, म्हणून सूत निघतं. सावरीच्या झाडाचा कापूस दिसायला किती सुंदर, पण त्याला असा पीळ नाही. तो उशीत भरावा लागतो, कातता येत नाही.

पण निसर्गाने हे केस माणसाला कपडे मिळावेत म्हणून दिलेले नाहीत. ते बीला घट्ट धरून असतात. शंभर किलो कापूस घेतला तर त्यात रुई साधारण तेहतीस ते छत्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. याला बाजारात रुईचा उतारा म्हणतात, आणि उताऱ्यात एका टक्क्याचा फरक पडला तरी व्यापाऱ्याचा चेहरा बदलतो. म्हणजे कापूस जसा निघाला तसा दूर नेला, तर वाहणारा बैल दोन हिस्से सरकी वाहतो आणि एक हिस्सा रुई.

हा हिशेब वऱ्हाडाला फार आधी कळला होता. हैदराबादच्या पारशी पेढीने, विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या भावांनी, १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला पाठवला. त्याआधी तो बराचसा गंगेकाठी मिर्झापूरला जायचा. पहिली खेप पाचशे बैलांची, प्रत्येक बैलावर २४० पौंड रुई. सरकीसकट नेली असती तर तेवढ्याच रुईसाठी जवळजवळ दीड हजार बैल लागले असते. म्हणून सरकी काढायचं काम नेहमी शेताजवळ झालं आणि कापड विणायचं काम कुठेही. आमच्यासारखी गावं याच हिशेबातून मोठी झाली.

हाताने सरकी काढायचं साधन म्हणजे रेचा. दोन रूळ, एकमेकांना जवळजवळ टेकलेले, उलट दिशांनी फिरणारे. तंतू रुळांमध्ये ओढला जातो. सरकी त्या फटीपेक्षा जाड, म्हणून ती अडते आणि बाहेर पडते. सगळं काम घर्षणाचं आहे. रूळ गुळगुळीत असतील तर तंतू धरला जात नाही, फार खरखरीत असतील तर तुटतो. याच्या आधीचं साधन आणखी साधं होतं: सपाट पाट आणि त्यावर तळव्याने फिरवायची लोखंडी सळई. एका रुळाच्या अशा ओटणीचं चित्र अजिंठ्याच्या भिंतीवरही आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे दीड हजार वर्षं तरी महाराष्ट्राला ही युक्ती ठाऊक आहे. दोन रूळ एका मुठीने उलट दिशांना फिरवायचे तर दात्यांची जोडणी लागते. रेच्यावर ती लाकडी मळसूत्राच्या आट्यांची असे, आणि खेड्यातला सुतार ती हाताने कोरून द्यायचा. मला या सुतारांबद्दल अपार आदर आहे. त्यांनी यंत्रशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं, पण वळणारे दाते एकमेकांत कसे बसवायचे हे त्यांच्या हाताला माहीत होतं. घरातली बाई दिवसभर रेचा फिरवून दोन-अडीच किलो रुई काढायची.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला आणि चार वर्षं लिव्हरपूलची नजर आमच्या काळ्या मातीवर खिळली. आमचा वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा काढला गेला. कापसाच्या कामावर देखरेख ठेवायला सरकारने रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कमिशनर नेमला. रेल्वे १८६७ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचली. त्याच वर्षी आर्वीला नगरपालिका मिळाली. या तारखा एका ओळीत ठेवल्या की गावाची कुंडलीच समोर येते. पण युद्ध १८६५ लाच संपलं होतं. भाव कोसळले, ज्या कास्तकारांनी चढत्या भावावर कर्ज काढलं ते बुडाले. जगाच्या बाजाराशी आमचं नातं जुळलं तेच असं, आणि ते दुखणं अजून सुटलेलं नाही.

रेल्वे आली तरी रेच्याचा वेग तोच होता. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये करवतीच्या दातांचा जिन केला होता. कंपनी सरकारने १८४० मध्ये अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानात आणून तोही इथे चालवून पाहिला. धारवाडकडे तो रुजला, इतका की त्या कापसाला बाजारात ‘सॉ-जिन्ड धारवाड’ असंच नाव पडलं. आमच्या आखूड धाग्याच्या देशी कापसाला मात्र करवत मानवली नाही. लांब धागा दाताने ओढला तर एखाद्या-दुसऱ्या जागी तुटूनही उरतो. आखूड धागा तुटला की कातण्याजोगं काही उरतच नाही. इकडे जम बसला तो फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने त्याच १८४० साली पेटंट घेतलेल्या रूळवाल्या जिनाचा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी हे जिन घडवून देशभर पोहोचवले. आज विदर्भात जे डबल रोलर जिन चालतात ते त्याच घराण्यातले.

त्याची रचना समजून घ्यावी इतकी सुंदर आहे. चामड्याच्या चकत्या एका दांड्यावर घट्ट ओवून केलेला रूळ फिरत असतो. त्याला एक स्थिर पातं जवळजवळ चिकटून असतं. चामड्याची खरखर तंतूला धरते आणि रूळ व पातं यांच्या फटीतून ओढून नेते. सरकी पात्याशी अडते. त्याच क्षणी दुसरं, वरखाली हलणारं पातं सरकीला ठोकर देतं. एका ठोकरीत सगळे केस सुटत नाहीत. सरकी उडते, परत येते, पुन्हा धरली जाते, पुन्हा ठोकर खाते, आणि पुरती सोलली गेली की जाळीतून खाली पडते. धागा ओढून निघतो, कापला जात नाही. रेच्याचं तत्त्व तेच. दुसऱ्या रुळाच्या जागी पातं आलं आणि बाईच्या हाताच्या जागी वाफेचं इंजिन.

या सगळ्याचा जीव फटीत आहे. चामडं झिजलं की फट वाढते आणि सरकीचे तुकडे रुईत जातात. पातं जास्त दाबलं की चामडं तापतं, जळका वास येतो, रुई पिवळी पडते. वडील हे आवाजावरून ओळखायचे. जिनाच्या रांगेतून चालताना ते मध्येच थांबायचे आणि एका यंत्राकडे बोट करायचे. “कान देऊन आयक,” म्हणायचे, “हा जिन रुई नाई खाऊन राह्यला, चामडं खाऊन राह्यला.” मला सगळ्यांचा आवाज एकच वाटायचा. पुढे शाळेत कंपनांचा धडा शिकवताना मुलांना मी हेच सांगायचो, की दाब बदलला की घर्षण बदलतं, घर्षण बदललं की कंपनं बदलतात, आणि तयार कानाला ते मोजपट्टीआधी कळतं.

या कामाने छाती खाल्ली, हेही लिहिलं पाहिजे. जिनातली धूळ म्हणजे नुसता कापसाचा भुगा नसतो. वाळलेल्या पानांचा आणि बोंडाखालच्या पाकळ्यांचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या कवचातलं विष त्यात असतं. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळून येते, मग दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, पुन्हा सुट्टीनंतर तेच; वर्षं गेली की आवळणं कायमचं होतं. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्यात भर म्हणून रुळाचं चामडं क्रोमने कमावलेलं, आणि त्याची झीज त्याच हवेत आणि त्याच रुईत मिसळणारी. वडील कामावर तोंडाला धोतराचा पट्टा बांधायचे. सरकी उपसणाऱ्या रेजांकडे पदर असायचा. यापेक्षा जास्त संरक्षण मी त्या आवारात पाहिलं नाही. नागपूरला ओटणीचं शिक्षण देणारं सरकारी केंद्र आहे, तिथे क्रोमशिवायच्या रुळांवर काम झालं. ते प्रत्येक जिनात पोहोचायला हवं होतं, असं मला तीव्रतेने वाटतं.

सरकीचं पुढे काय होतं ते गावातल्या गायी-म्हशींना विचारावं. तेल निघतं, उरलेली ढेप गोठ्यात जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं विष असतं, कीड लागू नये म्हणून पऱ्हाटीने स्वतःसाठी केलेलं. कोंबडीला आणि डुकराला ते बाधतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं. म्हणून कापसाचा आणि गोठ्याचा इथे जोड बसला. आर्वी-कारंजा भागातले गवळाऊ बैल, अंगाने हलके, चालीला तेज, हे कापसाच्या बंडीचे बैल. ते ज्या कापसाची बंडी ओढत त्याच्याच ढेपेवर पोसले जात.

आता हवेकडे येतो.

कापसाचा तंतू ज्या पदार्थाचा बनलेला आहे तो पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मग मी पाण्याच्या भांड्यात जिनातल्या रुईचा पुंजका टाकायचो: तरंगतो. औषधाच्या दुकानातला कापूस टाकायचो: भिजतो आणि बुडतो. कच्च्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. पाणी आत शिरत नाही, तंतूंमधली हवा तशीच राहते. औषधी कापसाचं मेण धुऊन काढलेलं असतं, हवेची जागा पाणी घेतं, आणि तंतूचं खरं वजन दिसतं. तेव्हा सुट्या रुईचा ढीग म्हणजे बहुतांश हवेचा ढीग. आगगाडीचा डबा वजनाने भरायच्या आधी आकाराने भरायचा. कच्चे बोजे मुंबईला पाठवणं म्हणजे आर्वीची हवा भाडं देऊन मुंबईला पाठवणं.

म्हणून प्रत्येक मोठ्या जिनाशेजारी दाबखाना आला. ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं की बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्याचं यंत्र केलं: लहान नळकांड्यात थोडा जोर, मोठ्या नळकांड्यात क्षेत्रफळाच्या पटीत जोर. कापसाच्या दाबखान्यात तेच. पेटीत रुई पायाने तुडवून भरायची, खालून दट्ट्या वर चढायचा, आणि माणसाच्या उंचीएवढी रुई गुडघ्याएवढी व्हायची. दाब सोडायच्या आत लोखंडी पट्ट्या आवळाव्या लागत, कारण पीळदार तंतू मूळ जागी परतू पाहतो. पट्टी तुटली तर जवळच्या माणसाचा हात जायचा. ब्रिटिश काळात मुंबईची गाठ ३९२ पौंडांची होती, आता १७० किलोची. एवढी आवळलेली पक्की गाठसुद्धा आत दोन तृतीयांश हवाच असते. म्हणून पेटलेली गाठ वरून विझलेली दिसते आणि आत दिवसेंदिवस धुमसत राहते. कापसात आलेला खडा जिनाच्या पात्यावर आपटतो, ठिणगी पडते, ती रुईबरोबर गाठीत जाते. जिनात गाठ विझवायची म्हणजे उघड्यावर ओढून न्यायची, पट्ट्या तोडायच्या आणि आतून भिजवायची. नुसतं वरून पाणी मारलं तर मेणावरून वाहून जातं.

गाठी बांधल्या, पण पुलगावचं स्टेशन पस्तीस किलोमीटर दूर. काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते. माल बंडीतून तिथवर नेणं बैलांचा जीव काढणारं काम. १९१७ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, म्हणजे मुंबईच्या किलिक निक्सन यांच्या व्यवस्थेतली, पुलगाव-आर्वी गाडी सुरू झाली. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचं १,६७६. अरुंद रुळाला भराव कमी, पूल हलके, वळणं आखूड घेता येतात, भांडवल थोडं लागतं. कापसाच्या हंगामापुरता माल असलेल्या गावाला एवढंच परवडत होतं. सोरटा, विरुळ, रोहणा या वाटेवरच्या गावांना ती गाडी घरची वाटायची. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या गाडीसारखंच लोक हिलाही शकुंतला म्हणत. पण अरुंद रुळातच तिचं मरण होतं. पुलगावला प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागायची. दोनदा हमाली, दोनदा वेळ. ट्रक आले आणि थेट जिनाच्या दारातून गिरणीच्या दारात जाऊ लागले, तेव्हा छोटी गाडी टिकणं अवघड झालं. ती बंद झाली याचं मला वाईट वाटतं. रुंद रुळाची मागणी गावाने सोडली नाही, आणि सोडूही नये.

याच जिल्ह्यात, गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा जिन-प्रेसच्या या सगळ्या मांडणीला उलटा प्रश्न विचारला गेला. कापूस शेतात, कातणारा शेताशेजारी. मग हवा काढायचीच कशाला? गिरणीत गाठ पोहोचली की पहिल्या खात्यात मोठमोठी यंत्रं तिला फोडतात, पिंजतात, झोडपतात, म्हणजे दाबखान्याने काढलेली हवा परत भरतात. या दोन्ही उलाढालीत धागा दुखावतो. घरी सळई-पाटावर ओटलेल्या रुईला यातलं काहीच सोसावं लागत नाही. लोक याला भावनेचा मुद्दा समजतात. मला तो पक्का यांत्रिक मुद्दा वाटतो. गावाला पोसण्याइतका वेग मात्र सळई-पाटाला नाही, हेही तितकंच खरं, आणि माझं घर जिनाच्या पगारावर चाललं.

हवा परत भरणारा आणखी एक माणूस आमच्या गल्लीत थंडीच्या तोंडावर यायचा. तो पिंजारी. धनुकलीची तात तो लाकडी मुठ्याने छेडायचा. थरथरती तात दबलेल्या तंतूंना सोडवायची, धूळ खाली पडायची, रुई फुलायची. गादीचं वजन तेवढंच राहायचं, उंची दुप्पट व्हायची. गोधडी-रजईत ऊब रुईची नसते, तंतूंनी अडवून धरलेल्या हवेची असते. हलू न शकणारी हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जुनी रजई थंड लागते कारण ती दबलेली असते.

आता हंगामात बाजार समितीत गेलं की कास्तकाराच्या तोंडी एकच शब्द असतो, ओलावा. हा भांडणाचा विषय खरा विज्ञानाचा आहे. कापूस हवेतलं पाणी शोषतो. आठ टक्क्यांच्या आसपास पाणी त्याच्यात असणं स्वाभाविक. सरकारी खरेदीत आठपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर नकार. याला कारण आहे: ओला तंतू सरकीला घट्ट धरतो, जिनात सरकी चिरडते, डाग पडतात, आणि ओली गाठ आतून कुजते. पहाटे दवात वेचलेला कापूस आणि दुपारी वेचलेला कापूस यांत टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून जुन्या वेचणाऱ्या बाया दव उतरल्याशिवाय ओटीत बोंड टाकत नसत.

पण ओलावा मोजणारं ते हातातलं यंत्र खरं तर वीज मोजतं. दोन टोकं कापसात खुपसली की कोरड्या तंतूतून वीज जवळजवळ जात नाही, ओल्यातून जाते, आणि यंत्र त्यावरून टक्का सांगतं. त्याच कापसाची मूठ घट्ट आवळून मोजली तर तंतू एकमेकांना जास्त चिकटतात, वीज सहज जाते, आणि आकडा चढतो. गाडीच्या वरच्या थरात एक, तळाशी दुसरा, ऊन लागलेल्या बाजूला तिसरा. माझे जुने विद्यार्थी आता कास्तकार आहेत. विचारायला येतात तेव्हा त्यांना मी हेच सांगतो. एकाच जागेच्या आकड्यावर मान हलवू नका, वर, मध्ये आणि तळाशी मोजायला लावा, प्रत्येक वेळी दाब सारखा ठेवायला सांगा, आणि तिन्हींची सरासरी हिशेबपट्टीवर लिहून घ्या.